फादर व्हायला किती वर्षं लागतात?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची आणि माझी पहिली गाठ 1979च्या जून महिन्यात पडली. एम.ए.च्या प्रवेशासाठी केलेला माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि बी.ए. होऊन तीन वर्षं उलटली होती. सरांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, “मधली वर्षं कुठे होतात?” मी म्हणालो, “येशूसंघात होतो, सर. फादर होणार होतो.” सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मग? सुटलात की पळालात?” मी गप्प. तेव्हा त्यांनीच विषय बदलला. “बरं, फादर व्हायला किती वर्षं लागतात?” म्हटलं, “संघात बारा-तेरा. सगळं धरलं तर पंधरासुद्धा.” सर म्हणाले, “एमबीबीएस साडेपाच वर्षांत होतो. एवढी वर्षं शिकवतात तरी काय?”

मला उत्तर देता आलं नाही. पुढे तीस वर्षं त्यांच्याकडे जाणं-येणं राहिलं, पण तो प्रश्न तसाच राहिला. आज त्यांच्याच व्यासपीठावरून उत्तर देतो आहे. उशीर झालाय खरा, पण सर उशिरा आलेली उत्तरपत्रिकाही घेत असत, हे समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी अनुभवलंय.

आधी एक घोळ निस्तरू. मराठीत पांढरा झगा दिसला की तो माणूस ‘फादर’. पण फादर दोन तऱ्हेचे असतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याला ठाऊक आहेत. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते धर्मप्रांतीय धर्मगुरू होते. असा धर्मगुरू एका बिशपांच्या हाताखाली, बहुधा आपल्याच मुलखात, आयुष्यभर काम करतो. या चर्चमधून त्या चर्चमध्ये बदली होते, पण धर्मप्रांत सहसा सुटत नाही. तो दारिद्र्याचं व्रत घेत नाही, त्यामुळे वडिलांची वाडी त्याच्या नावावर राहिली तर नियम मोडत नाही. दुसरे ते संघातले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, सेलेशियन, येशूसंघीय. हे आधी संन्यासी आणि मग धर्मगुरू. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं त्यांना घ्यावी लागतात. संघात सगळेच धर्मगुरू होतात असंही नाही. ‘ब्रदर’ म्हणून राहून शेती, सुतारकाम, दवाखाना, स्वयंपाकघर सांभाळणारेही असतात, आणि माझा अनुभव विचाराल तर संघ तेच चालवतात.

सेमिनरी ही मुळात पहिल्या तऱ्हेच्या धर्मगुरूंसाठी काढलेली सोय. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं, की बिशपांनी मुलं घेऊन त्यांना शिकवून तयार करावं. त्याआधी गावचा धर्मगुरू एखाद्या जाणत्याच्या हाताखाली शिकायचा, आपल्याकडे भिक्षुकाचा मुलगा बापाजवळ याज्ञिकी शिकायचा तसा. आज जो 1983चा चर्चचा कायदा लागू आहे, त्यात तत्त्वज्ञान आणि ईशशास्त्र मिळून निदान सहा वर्षांचा अभ्यास सांगितलाय, आणि पंचविशीच्या आत गुरुदीक्षा देता येत नाही. म्हणजे सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळतं. सहा वर्षं अभ्यासाची. मग उरलेली सहा-सात वर्षं कशाची?

त्यासाठी येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्याकडे जावं लागतं. हा बास्क प्रांतातला सरदारपुत्र, तलवारीवर आणि स्वतःच्या रूपावर खूश असलेला. 1521च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, चांगला बूट बसेना, म्हणून या गृहस्थाने भुलीशिवाय ते हाड कापून घेतलं. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा मागितल्या, तर वाड्यात ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. त्या वाचून उठला तो वेगळाच माणूस. मानरेसा गावी जवळपास अकरा महिने राहिला, जेरूसलेमला जाऊन आला, आणि तेहेतिसाव्या वर्षी बार्सिलोनात पोराटोरांच्या शेजारी बसून लॅटिनची रूपं घोकू लागला.

आता गंमत बघा. शिकता शिकता हा लोकांशी देवाधर्माचं बोलायचा, त्यामुळे धर्मन्यायालयाची नजर वळली. 1527 साली सालामांकात त्याला कोठडीत ठेवलं. शिकवणीत चूक काही सापडली नाही, पण निकाल असा लागला, की आणखी चार वर्षं शिकल्याशिवाय मोठं पाप कोणतं आणि लहान कोणतं यावर याने बोलू नये. इग्नेशियस उठला आणि पॅरिसला गेला. 1528 ते 1535 तिथे राहिला. आमच्या संघातल्या पोरांना जी लांबलचक वर्षं भोगावी लागतात, त्यांचं मूळ मला नेहमी त्या सालामांकाच्या कोठडीत दिसतं. पुढे 1537 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, तरी पहिली मिस्सा त्याने 1538च्या नाताळपर्यंत केली नाही. तयारीच चालली होती. 27 सप्टेंबर 1540 रोजी पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली.

मान्यतेच्या आधीच माणसं पाठवायची वेळ आली होती. पोर्तुगालच्या राजाला हिंदुस्थानासाठी धर्मगुरू हवे होते. ज्याला पाठवायचं तो बोबादिया ऐनवेळी आजारी पडला. फ्रान्सिस झेवियरला आदल्या दिवशी सांगितलं. त्याने जुनी विजार शिवून नीट केली आणि दुसऱ्या दिवशी रोम सोडलं. 6 मे 1542 रोजी तो गोव्यात उतरला आणि रोम त्याला पुन्हा दिसलं नाही. सर, हे तुमच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर. जो आज सांगितलं तर उद्या निघेल आणि तिथे एकटा पडला तरी मोडणार नाही, असा माणूस संघाला हवा असतो. तसा माणूस शिकवून तयार होत नाही. त्याला पारखावं लागतं. इग्नेशियसने या सगळ्या काळासाठी वापरलेला शब्दही शिक्षणाचा नाही, कसोटीचा आहे. संघाच्या भाषेत पहिली कसोटी, दुसरी कसोटी आणि तिसरी कसोटी. नवख्यांच्या तालमीची, म्हणजे नॉव्हिशिएटची, दोन वर्षं ही दुसरी.

मी 1971 साली आत गेलो. वसईचा पोरगा, अठरा वर्षांचा. आमचं नॉव्हिशिएट मुंबईच्या उपनगरात होतं. कुंपणापलीकडे म्हशींचे तबेले होते आणि ध्यानाला बसलं की पहिला वास तिकडून यायचा. पाच वाजता घंटा. तासभर ध्यान, मग मिस्सा, मग बिनबोलता नाश्ता. त्यानंतर ‘मॅन्युआलिया’, म्हणजे अंगमेहनत. संडास धुणं, भांडी घासणं, केळीला पाणी घालणं. आमचे प्रमुख ते मास्टर आणि त्यांचे मदतनीस ते सोशियस. आधीच्या तुकड्यांनी भोगलेल्या काही गोष्टी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर बंद झाल्या होत्या. स्वतःला मारून घ्यायचा दोरीचा चाबूक आम्ही फक्त ऐकला. आमची घरची पत्रं मास्टर उघडत नसत, आधीच्यांची उघडली जात.

प्रत्येकाकडे एक छोटी वही असे. तिची कल्पना इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातली. आठवड्याच्या दिवसांच्या ओळी, दर दिवसाला दोन, दुपारची आणि रात्रीची. आपला एकच दोष निवडायचा. माझा होता दुसऱ्याचं बोलणं तोडण्याचा. जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या ओळीवर. रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी ताडायची, आजची कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. पुस्तकात त्या ओळी खालीखाली आखूड होत जातात, म्हणजे ठिपके कमी होणार हे गृहीतच धरलेलं. माझ्या वहीत ओळी कमी पडायच्या आणि ठिपके समासात जायचे. वाण्याची रोजकीर्द मी पुढे पाहिली तेव्हा ओळखीची वाटली. मन इतक्या कोरडेपणाने, आकडेमोड करून तपासता येतं हे मला त्या वहीने शिकवलं. आजही कुणाचं बोलणं तोडलं की बोट आपोआप पेन्सिल शोधतं.

पहिल्या वर्षी तीस दिवसांचं मौन. तिथे विवेकाचे काही नियम शिकवतात, त्यातला एक जपून ठेवा, पुढे लागणार आहे. मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निर्धार बदलायचा नाही. मन ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं.

संघाच्या नियमांत नवख्यासाठी सहा कसोट्या सांगितल्यात. त्यांतल्या दोन मी विसरू शकत नाही. एक रुग्णालयाची. कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात महिनाभर बेडपॅन आणि ड्रेसिंग. पहिले तीन दिवस मला जेवण गेलं नाही, चौथ्या दिवशी गेलं, एवढंच तिथलं माझं अध्यात्म. दुसरी कसोटी तीर्थयात्रेची. खिशात पैसा न घेता पायी निघायचं, मागून खायचं, मिळेल तिथे झोपायचं. आपल्याकडे माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं, वारी आहे, त्यामुळे हे परकं वाटायला नको. पण आमची पाळी आली ती 1973च्या एप्रिलमध्ये, बहात्तरच्या दुष्काळाच्या ऐन भरात.

आम्हाला दोघा-दोघांच्या जोड्यांनी नाशिक-नगरच्या सीमेवर सोडलं. माझा जोडीदार वांद्र्याचा, मराठी जेमतेम. पहिल्याच गावात कळलं, की मागायचं कुणाकडे? घरं बंद, माणसं दुष्काळी कामावर. विहिरीच्या तळाला पाण्याची थाळी दिसावी एवढंच पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पाझर तलावाच्या कामावर पोचलो. बायका खडी फोडत होत्या. मुकादम म्हणाला, “मस्टरवर नाव नाही, पैसे मिळायचे नाहीत.” म्हटलं, नकोत. हातोडा घेतला आणि बसलो. तासाभरात माझ्या तळव्याला फोड आला, जोडीदाराच्या अंगठ्यावर हातोडा बसला. संध्याकाळी सुकडी वाटली. शेजारच्या बाईने आपल्या वाट्यातली मूठभर आमच्या रुमालावर ठेवली आणि विचारलं, “कुठली वारी म्हनायची ही, पावसाआधीच?” मी सांगितलं, आम्ही ख्रिस्ती आहोत, हा आमच्यातला नेम आहे. बाई म्हणाली, “असंना का. भूक लागतीच की.”

चार दिवस आम्ही तिथेच राहिलो. नियमाप्रमाणे चालत राहायला हवं होतं. परतल्यावर मास्टरांना सगळं सांगितलं आणि वाटलं, आता ओरडा बसणार. त्यांनी विचारलं, “खडी किती फोडलीत?” आम्हाला मोजमाप सांगता येईना. “म्हणजे फार नाही,” ते म्हणाले आणि विषय संपला. त्याच नगर जिल्ह्यात फादर हरमन बाखर हे येशूसंघीय पाण्याच्या कामात होते. पाणलोट विकासात पुढे त्यांचं नाव झालं. मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांचं ईशशास्त्र मला माहीत नाही. बांधबंदिस्ती कशी करायची हे ते शेतकऱ्याला मराठीत सांगत.

जून 1973मध्ये मी व्रतं घेतली. इथे एक बारकावा आहे, तो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. बहुतेक संघांत पहिली व्रतं मुदतीची असतात, तीन ते सहा वर्षांची. मुदत संपली की दोन्ही बाजू मोकळ्या. येशूसंघात मात्र दोन वर्षांनंतरची पहिलीच व्रतं जन्मभराची. मुलगा देवासमोर कायमचा बांधला जातो, संघ मात्र स्वतःला तितकं बांधून घेत नाही. संघ त्याला कारण देऊन व्रतांतून मोकळं करू शकतो. शेवटची व्रतं द्यायची की नाही हे कितीतरी वर्षांनी संघ ठरवतो, आणि बोलावणं यावं लागतं. एका बाजूने लग्न लागलंय, दुसऱ्या बाजूने अजून पत्रिका बघणं चाललंय. विशीत मला याचं काही वाटलं नव्हतं. आज माझ्या मुलीच्या मुलाने असा करार समोर आणला, तर मी आधी वकिलाकडे नेईन.

पुढच्या टप्प्यांवरून झपाट्याने जातो. विद्यापीठाची पदवी. मग तत्त्वज्ञान. ते मी पुण्यात नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठात केलं. त्याला लागूनच पेपल सेमिनरी आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली श्रीलंकेत कँडीला काढलेली ही सेमिनरी 1955 साली पुण्यात आली. तिथे ॲक्विनास शिकलो आणि शंकराचार्यही. मग येते ‘रीजन्सी’, म्हणजे अभ्यास थांबवून दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष काम, बहुधा शाळेत. मग ईशशास्त्राची तीन-चार वर्षं, मध्ये डीकनपद, शेवटी गुरुदीक्षा. एवढ्यावरही संपत नाही. काही वर्षं काम केल्यावर पुन्हा बोलावतात, ती तिसरी कसोटी, ‘टर्शियनशिप’. चाळिशीकडे झुकलेला, प्राचार्य झालेला माणूस पुन्हा नवख्यासारखा झाडू घेतो, पुन्हा तीस दिवस मौनात बसतो. त्यानंतर शेवटची व्रतं, आणि काहींना चौथं व्रत, पोप पाठवतील तिथे जाण्याचं.

एक उदाहरण घ्या. होर्हे बर्गोलियो, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस. रसायनशास्त्राचा तंत्रज्ञ. 1958 साली येशूसंघात गेले, 1969च्या डिसेंबरात गुरुदीक्षा, 1973 साली शेवटची व्रतं. पंधरा वर्षं झाली की नाही? रीजन्सीत त्यांनी सांता फे इथल्या शाळेत मुलांना साहित्य शिकवलं. 1965 साली या तरुण मास्तराने थेट नामवंत लेखक बोर्खेस यांना शाळेत बोलावलं. जवळजवळ अंध झालेले बोर्खेस आले, आणि पुढे मुलांनी लिहिलेल्या कथांच्या संग्रहाला त्यांनी प्रस्तावनाही लिहिली. शाळेत शिकवताना माणूस उघडा पडतो. आठवीचा वर्ग हे कोणत्याही नॉव्हिशिएटपेक्षा कडक परीक्षागृह आहे.

पारखायचं ठीक, पण कुणाला पारखायचं हे कोण ठरवतं? वसईचा असल्यामुळे मी हा प्रश्न टाळू शकत नाही. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. गास गावच्या चर्चला त्यांचं नाव आहे, कॉलेजलाही आहे. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकले आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी उत्तम बोलत, वर्षानुवर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. संघात घ्या म्हणून विनवलं. घेतलं नाही. गार्सियांनी व्यापार केला, मनिलाला गेले, तिथे फ्रान्सिस्कनांनी त्यांना ब्रदर म्हणून घेतलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं. 1862 साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. जो माणूस अखेरच्या कसोटीला उतरला, त्याला पहिल्या कसोटीलाही बसू दिलं नव्हतं.

अपवाद होता. पेरो लुईस नावाचा दक्षिणेतला ब्राह्मण 1561 साली येशूसंघात घेतला गेला. गुरुदीक्षा 1575. चौदा वर्षं, म्हणजे आकडा तेव्हाही साधारण तोच. त्यानंतर गोव्याच्या येशूसंघाने इथल्या माणसांसाठी दार जवळजवळ बंदच ठेवलं. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रोला गोव्यात नव्हे, रोममध्ये दीक्षा मिळाली आणि 1637 साली तो बिशप झाला. जोसेफ वाझ यांच्या पिढीतल्या गोमंतकीय धर्मगुरूंनी मग आपलाच एक संघ उभा केला. वाझ 2015 साली संत झाले. शंभर-दीडशे वर्षं कसोटी माणसाची नव्हती, जातिकुळीची आणि कातडीच्या रंगाची होती. याला दुसरा शब्द नाही.

आणि तरीही त्याच संघाने आपल्याला थॉमस स्टीफन्स दिला. इंग्लंडचा हा कॅथलिक तरुण 1575 साली रोमला येशूसंघात दाखल झाला आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं तो इथेच राहिला. 1616 साली रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण आपल्याला माहीत आहे. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि भाषा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेवरची. सर वर्गात तो भाग शिकवायचे तेव्हा हेही न चुकता सांगायचे, की ज्या साष्टीत हे पुराण लिहिलं गेलं, तिथली देवळं काही दशकांपूर्वीच पाडली होती. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायच्या, एक गिळून दुसरी सांगायची नाही, अशी त्यांची शिस्त होती.

स्टीफन्सची मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट ओवी नाही, पत्र आहे. गोव्यात उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 10 नोव्हेंबर 1579 रोजी त्याने लंडनला वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. समुद्र कसा होता, वारे कुठे फिरले, मासे कसले दिसले, किती जण आजारी पडले. व्यापारी बापाला कळावं म्हणून पोराने सगळं मोजून लिहिलंय. हॅकलुटने ते 1589 साली आपल्या प्रवाससंग्रहात छापलं म्हणून टिकलं. येशूसंघ पत्रांवर उभा राहिला. एकट्या इग्नेशियसची जवळपास सात हजार पत्रं शिल्लक आहेत. पण वरिष्ठांना लिहिलेलं पत्र वेगळं आणि बापाला लिहिलेलं वेगळं. दुसऱ्या जातीची पत्रं फार थोडी उरली आहेत.

आता सरांच्या पहिल्या प्रश्नाकडे. सुटलात की पळालात?

1978 साली मला नगर जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत रीजन्सीला पाठवलं. मराठी आणि इतिहास शिकवायचो. शिकवण्यात रमलो, आणि दोन महिन्यांत प्रार्थनेची गोडी गेली. रात्री वही उघडायचो, ठिपके मांडायलाही काही नसायचं. ऑक्टोबरात मी आध्यात्मिक मार्गदर्शकांना म्हटलं, मला जायचंय. ते म्हणाले, “आत्ता नाही. आत्ता तुमचं मन अंधारात आहे. नियम आठवा.” मी थांबलो. नाताळच्या सुमारास मन निवळलं. वर्ग चांगले चालले होते, प्रार्थनेत बसावंसं वाटत होतं, कुणावर राग नव्हता. आणि त्या स्वच्छ उजेडात पाहिलं तरी उत्तर तेच होतं. मला वर्ग हवा होता, घर हवं होतं, वेदी नको होती. मार्चमध्ये पुन्हा मार्गदर्शकांकडे गेलो तेव्हा त्यांनी एक शब्दही विरोधात काढला नाही. महिन्याभरात प्रोव्हिन्शियलांचं, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांचं, पत्र आलं. व्रतांतून मोकळा केल्याचं, पाव पानाचं.

म्हणजे सर, दोन्ही नाही. संघानेच दिलेल्या कसोटीने मी बाहेर आलो. आमच्या तुकडीतले अकरापैकी चार जण फादर झाले. उरलेले सात वाया गेले असं कुणी म्हटलं, तर त्याला ही पद्धत कळलीच नाही. अर्थात वसईत घरी आल्यावर हे पटवून देणं कठीण होतं. ‘सेमिनरीतून आलेला’ हा शिक्का लग्न जमेपर्यंत पुसला गेला नाही. आई म्हणायची, देवाचं माप वेगळं. पण शेजारी म्हणायचे ते तिलाही ऐकू येत होतं.

म्हणून या पद्धतीची मी आरती ओवाळतोय असं समजू नका. पंधरा वर्षं पारखूनही काय निसटतं ते जगाने पाहिलंय. धर्मगुरूंनी केलेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं देशोदेशी उघडकीला आली, संघांतलीही आली, आणि वरिष्ठांनी ती झाकली हेही उघड झालं. ते लोक याच चाळण्यांतून गेले होते. मला वाटतं, चाळणी चुकीच्या भोकांची होती. आज्ञा पाळतो का हे तिने बारकाईने पाहिलं, माणूस म्हणून वाढला का हे पाहिलं नाही. आज्ञाधारक पोरगा सगळ्या परीक्षा सहज पास होतो. 1992 साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या दस्तऐवजाने मानवी जडणघडण हा सगळ्याचा पाया म्हटला. 2016च्या नव्या मार्गदर्शिकेने त्याच वाटेने जाऊन सेमिनरीआधी स्वतंत्र तयारीचा काळ घातला. पण एक गाठ तशीच आहे. येशूसंघात वर्षातून एकदा वरिष्ठापुढे मन उघडं करायचं असतं, अगदी आतलंही. तोच वरिष्ठ तुम्हाला कुठे पाठवायचं ते ठरवतो. ज्याच्या हातात नेमणूक, त्याच्यापुढे किती माणसं खरं बोलतात? मी बोललो नव्हतो. मार्गदर्शकांना सगळं सांगितलं, प्रोव्हिन्शियलांना निम्मं.

सिस्टरांच्या तालमीबद्दल एक अक्षर बोललो नाही, हे मला माहीत आहे. त्यांचीही नॉव्हिशिएटं आहेत, त्यांचीही व्रतं आहेत. पुढे दवाखाने आणि वसतिगृहं त्याच चालवतात, आणि व्याख्यान मात्र फादरांवर होतं. तो दोष माझा.

आई 2004 साली गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पातळांच्या खाली, माझी आठ वर्षांची पत्रं निघाली. बिस्किटाच्या डब्यात, लोकरीच्या धाग्याने बांधलेली. खडी फोडल्याचं पत्र त्यात आहे. त्यात मी सुकडीची चव लिहिलीय आणि अंगठा जोडीदाराचा ठेचला हे लपवून माझाच ठेचला असं लिहिलंय, आईला जास्त वाटावं म्हणून. मास्टरांना ही लबाडी कधी कळली नाही. नॉव्हिशिएट म्हणजे काय हे माझ्या आजच्या भाषणापेक्षा त्या पत्रांतून जास्त कळेल.

वसई, नगर, जालना, मुंबई इथल्या कितीतरी घरांत अशी पत्रं असतील. मुलांची, मुलींची, मराठीत आणि कादोडी बोलीत लिहिलेली. जे फादर-सिस्टर झाले त्यांची, आणि जे परत आले त्यांचीही. ती रद्दीत घालू नका. निदान मागे पेन्सिलीने लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि साल टाकून ठेवा. पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हात काढा. वाचायला द्यायची तयारी असेल तर मी झेरॉक्स काढून मूळ प्रती आठ दिवसांत परत करीन. पत्ता व्याख्यानमालेच्या चिटणीसांकडे आहे. रविवारी सकाळची मिस्सा साडेआठला संपते, त्यानंतर मी घरीच असतो.